वजन उतरतं, पण सगळीकडे सारखं नाही: जळगावातल्या दोघांच्या मापांची नोंदवही

नोंदी दोघांच्या आहेत. भाऊ: वय ४३, उंची १७२ सेंमी, खत-बियाण्यांचं दुकान, बराच वेळ काउंटरमागे, मधूनच पोती उचलणं. ताई: वय ३८, उंची १५६ सेंमी, दोन बाळंतपणं, शाळेत शिक्षिका. नावं नकोत म्हणाले, म्हणून इथे भाऊ आणि ताईच. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आधी तपासून घेतलं आणि डॉक्टरांची हरकत नाही म्हटल्यावरच सुरुवात केली.

वही ठेवायचं कारण एकच. वजन उतरवायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येऊन विचारतो: गाल बसले पण पोट तसंच का? एक मांडी बारीक, दुसरी जाड का दिसते? यातलं किती खरं, किती टेपचं आणि किती पाण्याचं, हे वेगळं करता यावं यासाठी मापं नीट ठेवावी लागतात. त्याचीच ही वही.

१ डिसेंबर २०२४, रविवार

भाऊ ९१.४ किलो, ताई ७२.८ किलो. सकाळी उठून, पोट साफ झाल्यावर, पाणीसुद्धा न पिता.

जेवणाचा हिशोब: भाऊंना दिवसाला २००० कॅलरी, ताईंना १५००. म्हणजे लागतं त्यापेक्षा साधारण ४००-५०० कमी. प्रथिनं भाऊंना ११० ग्रॅम, ताईंना ८५. भाऊ अंडी खातात, त्यामुळे त्यांचं सोपं. ताई शाकाहारी; त्यांचं गणित असं बसवलं: पनीर १०० ग्रॅम (१८), दही २०० (७), सोयाबीन वड्या कोरड्या ४० (२०), डाळ कच्ची ६० (१३), फुटाणे ३० (६), ५० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी (१०), दूध २५० मिली (८). बेरीज ८२. तेवढ्याने भागतं.

तेलाला वेगळा नियम. माणशी दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे चार जणांच्या घराला महिन्याला २.४ किलो. तेवढं एक तारखेला वेगळ्या बरणीत काढायचं आणि संपलं की संपलं. चमच्याने मोजायला सांगितलं तर आठ दिवसांत कोणी मोजत नाही. बरणीचं मात्र टिकतं. भाऊंच्या घरी आधी पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नव्हता.

व्यायाम: आठवड्यातून तीन दिवस वजनं, बाकी दिवस मेहरूण तलावाच्या काठाने ४५ मिनिटं चालणं.

८ डिसेंबर

भाऊ ८९.६, ताई ७१.९. भाऊंचं आठवड्यात १.८ किलो उतरलं म्हणून घरात पेढे वाटायचीच बाकी. त्यांना स्पष्ट सांगितलं: यातली चरबी पाव भागाच्या पुढे नाही. अंगात साठलेला ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) एक ग्रॅम कमी झाला की त्याच्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. त्यात पापड-लोणचं कमी झालं, म्हणजे मीठही कमी. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. रोज ५०० कमी खाऊन आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरते, त्याहून जास्त नाही.

शनिवारी भरीत पार्टी होती. थंडीत खान्देशात ती टाळता येत नाही आणि टाळायचं कारणही नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, यात दोष काही नाही, दोष फोडणीत. या वेळी तेल मोजून घेतलं: १०० मिली तेल म्हणजे ८००च्या वर कॅलरी. चार किलो वांग्यांना एरवी अंदाजाने ओतलं जायचं त्याच्या निम्म्यात भरीत झालं, आणि मिरची-लसूण नेहमीचीच असल्याने जेवणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही. सोबतच्या पुऱ्या या दोघांनी सोडल्या, भाकरी घेतली.

१५ डिसेंबर

मापं बिघडली. भाऊंची कंबर दोन आठवड्यांपूर्वी १०४, आज १०५.५. वजन खाली, कंबर वर. ताईंची उजवी मांडी दीड सेंटिमीटरने कमी, डावी जशीच्या तशी.

तपासल्यावर सापडलेल्या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने:

टेप. शिंप्याकडचा जुना कापडी टेप वापरला होता. स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिला तर टेपवरचे १०० सेंमी म्हणजे प्रत्यक्षात १०१.३. ओढून ओढून तो लांबलेला. दुसरा टेप मध्ये एकदा वापरला गेला, म्हणून दोन तारखांची मापं एकमेकांशी जुळेनात. फायबरग्लासचा, बटण दाबून गुंडाळणारा टेप १८० रुपयांना आणला.

जागा. पहिल्यांदा कंबर 'बेंबीपाशी' मोजली आणि दुसऱ्यांदा 'सगळ्यात जाड जागी'. बेंबी हा खुणेचा दगड नव्हेच. पोट उतरायला लागलं की कातडी सैल पडते आणि बेंबी खाली सरकते. म्हणजे चार महिन्यांनी बेंबीपाशी मोजलेलं माप हे शरीरावरच्या वेगळ्याच जागेचं असतं. मांडीच्या 'सगळ्यात जाड जागे'चंही तेच: चरबी उतरली की जाड जागा हलते.

टेप मागून खाली उतरणं. मोजणारा समोर उभा असतो, पाठीमागे टेप दोन-तीन सेंमी खाली लोंबलेला त्याला दिसत नाही. एवढ्या तिरक्याने भाऊंच्या कमरेत दीड सेंमीचा फरक पडला.

श्वास. टेप दिसला की पुरुष माणूस पोट आत घेतो. हे न सांगता होतं.

एकूण, १ आणि १५ डिसेंबरची घेराची मापं फेकून दिली. वजनं ठेवली. दोन आठवडे गेले; पण चुकीच्या पायावर पाच महिने मोजत राहण्यापेक्षा हे स्वस्त.

२९ डिसेंबर

नव्याने पाया घातला. ज्यांना हेच करायचं आहे त्यांनी ही नोंद सावकाश वाचावी, बाकीच्या भराभर वाचल्या तरी चालेल.

सगळ्या खुणा हाडांवरून घ्यायच्या. हाड जागचं हलत नाही.

कंबर: काखेच्या सरळ रेषेत खाली यायचं, शेवटची बरगडी बोटाने चाचपायची, पेनने रेघ. मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, तिथे दुसरी रेघ. दोन्हींच्या मधोमध तिसरी. जाड माणसाला हाड पटकन सापडत नाही; बोटं आडवी, चपटी ठेवून दाबायचं, टोकाने टोचायचं नाही. मधली रेघ सापडली की अनवाणी उभं करून तिची जमिनीपासूनची उंची मोजायची आणि वहीत लिहायची. भाऊंची १०६ सेंमी, ताईंची ९७. पुढच्या वेळी बरगडी चाचपत बसायला नको: भिंतीला पट्टी लावायची, त्या उंचीवर खूण करायची, टेप तिथे. पाठीमागेही त्याच उंचीवर दुसऱ्याने धरायचा.

मांडी: गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून १५ सेंमी वर. पाय सरळ, दोन्ही पायांवर सारखा भार. एका पायावर रेललं की त्या मांडीचं माप अर्धा सेंमी तरी बदलतं. डाव्या-उजव्याच्या तक्रारींमधल्या कितीतरी इथेच संपतात.

दंड: खांद्याच्या वरच्या हाडाचं टोक ते कोपराचं टोक, हात काटकोनात वाकवून मोजायचं, निम्म्यावर खूण. माप मात्र हात सैल खाली सोडून. मूठ वळायची नाही.

नितंब: बाजूने पाहिल्यावर सर्वांत मागे आलेली जागा, पाय जोडून. गळा: कंठमण्याच्या लगेच खाली.

टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतायला नको. श्वास सोडल्यावर, पुढचा घेण्याच्या आत आकडा वाचायचा. प्रत्येक माप दोनदा. कमरेत एक सेंमीपेक्षा किंवा हातापायात अर्ध्यापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा, आणि तिन्हींतला मधला आकडा लिहायचा. मोजणारा माणूस शक्यतो बदलायचा नाही.

फोटो: फरशीच्या एकाच चौकटीत पाय, खिडकीचा उजेड समोरून, फोन बेंबीच्या उंचीवर स्टुलावर, अडीच मीटर लांब. फोन जवळ धरला की शरीराचा मधला भाग फुगून दिसतो, आणि उजेड एका बाजूने आला की दुसरी बाजू बारीक दिसते. घरात काढलेल्या निम्म्या 'आधी-नंतर' फोटोंतला फरक या दोन कारणांचाच असतो.

आजची मापं. भाऊ (८८.७ किलो): कंबर १०२, नितंब १०२.५, गळा ४०.६, दंड उजवा ३३.८ डावा ३३, मांडी उजवी ५४ डावी ५२.८. ताई (७१.२ किलो): कंबर ८७.५, नितंब १०७.५, उजवा दंड ३१.६, उजवी मांडी ५६.४, डावी ५६.१.

१२ जानेवारी २०२५

भाऊ ८७.८, ताई ७०.६.

चेहरा उतरला. गळा ४०, म्हणजे सहा मिलिमीटरच कमी, पण दिसतं आधी तेच. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "जिभाऊ, दुखणं काढलं का?" ताईंच्या सासूबाईंनी गालांकडे बघून दूध-तुपाचा आग्रह धरला आहे. हे लिहून ठेवण्यासारखं यासाठी, की खाणं बिघडण्याचं हे मोठं कारण आहे. भाऊंनी चार दिवस वरणावर दोन चमचे तूप वाढवून घेतलं: दिवसाला ८०-९० कॅलरी.

चेहऱ्यावर चरबी मुळात थोडी, आणि तो कपड्याखाली झाकलेला नसतो; म्हणून तिथला थोडासा फरकही सगळ्यांना दिसतो. काळजी कधी करायची? आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतरत असेल, अशक्तपणा असेल, प्रथिनं कमी पडत असतील, तेव्हा. फार झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. या दोघांचा वेग त्याच्या खाली आहे. तूप बंद.

१९ जानेवारी

ताईंनी ९०० रुपयांचा घाम काढणारा पट्टा आणला. वाद घालण्यापेक्षा मोजून दाखवलं. पट्टा बांधून ४० मिनिटं चालण्याआधी कंबर ८६.८, सोडल्याबरोबर ८५.४, संध्याकाळी जेवणापूर्वी पुन्हा ८६.९. पट्ट्याने दाबलेली कातडी आणि गेलेला घाम, एवढंच. पट्टा आता भाऊंच्या दुकानात बिलांचे गठ्ठे बांधायला आहे.

याच खात्यात जमा: बाजूला वाकून डंबेलने 'टायर' घालवणं, मांड्या थरथरवणारं मशीन, चरबी वितळवणारं तेल. ज्या स्नायूला काम दिलं त्याच्या वरचीच चरबी जळते असं नाही. चरबी रक्तात सुटते आणि सगळ्या शरीराला पुरवली जाते. टेनिस खेळणाऱ्यांचे दोन्ही हात १९७१ साली मोजले गेले. खेळणाऱ्या हाताचा घेर मोठा निघाला, पण कातडीखालची चरबी दुसऱ्या हाताएवढीच.

२ फेब्रुवारी

भाऊ ८६.९, ताई ६९.७.

भाऊंची तक्रार: "डावा पाय वाळत चालला." फोटोतही दिसतं. मांडी उजवी ५३.६, डावी ५२.३. फरक १.३. वही उलटून पाहिली: २९ डिसेंबरला फरक १.२ होता. म्हणजे नवीन काही घडलेलं नाही. वरचा थर पातळ झाला आणि खालचा जुना फरक उघडा पडला. विचारल्यावर कारण निघालं. काही वर्षांपूर्वी गाडीवरून पडून डाव्या घोट्याला प्लास्टर होतं, आणि त्यानंतर जिना चढताना उजवाच पाय आधी.

हातापायात अर्धा ते एक सेंमीचा फरक कोणातही असतो. वापरातल्या हाताचा दंड आणि पंजाकडचा भाग जाड असतोच. म्हणून आकड्यापेक्षा ताकद तपासावी. ४५ सेंमी उंचीच्या खुर्चीवरून एका पायावर उठणं: उजव्यावर ९ वेळा, डाव्यावर ५. हा फरक खरा, आणि यावर काम करता येतं.

दोन्ही पायांचे व्यायाम एकत्र केले तर चांगला पाय कमजोर पायाचं काम चोरतो. म्हणून एकेका पायाचे घेतले: मागचा पाय पाटावर ठेवून खाली बसणं, एका पायावर खुर्चीवरून उठणं, पायरीवर चढणं. प्रत्येकाचे तीन फेरे. सुरुवात नेहमी डाव्याने. डाव्याने जेवढे जमतील तेवढेच उजव्याने, एकही जास्त नाही. पहिल्या आठवड्यात भाऊ डावा थकल्यावर उजव्याने 'हिशोब पूर्ण' करत होते, त्यामुळे फरक तसाच राहिला असता. डावा गुडघा आत पडत होता. समोर आरसा नको, भिंतीवर चिकटपट्टीची उभी रेघ लावली, गुडघा तिच्या आत यायला नको.

खांद्याचंही असंच निघालं. युरियाची गोणी ४५ किलोची, आणि ती कायम उजव्या खांद्यावर. मानेपासून खांद्यापर्यंतचा उजवा स्नायू फुगलेला, डावा खांदा उतरलेला. चरबी होती तोवर हे कोणाला दिसलं नाही. उपाय: दुकानात चाकांची ट्रॉली (ती होतीच, गोदामात अडगळीत), आणि डाव्या हातात १० लिटर पाण्याचा कॅन धरून, शरीर न कलू देता, अंगणात फेऱ्या. कॅन ज्या हातात त्याच्या उलट बाजूचं पोट ताणलं जातं, तेवढंच अपेक्षित.

१६ फेब्रुवारी

ताई ७०.३. दोन आठवड्यांपूर्वीपेक्षा ६०० ग्रॅम जास्त, मांडी अर्धा सेंमी वर, बोटातली अंगठी घट्ट. पाळी दोन-तीन दिवसांवर आहे. हे पाणी आहे. या आकड्याची तुलना मागच्या रविवारशी नव्हे, पुढच्या महिन्याच्या याच दिवसाशी करायची. बायकांनी दर आठवड्याची मापं आलेखावर जोडत बसू नये, चार-चार आठवड्यांच्या अंतराचे आकडे समोर ठेवावेत.

खरा प्रश्न वेगळा. ताईंचे दंड सैल झाले, ब्लाउजची बाही दोन बोटं जाईल एवढी मोकळी, मनगटात बांगड्या फिरतात. मांड्या जागच्या जागी. दंड ३०.७, म्हणजे जवळजवळ एक सेंमी कमी. मांडी आजची पाण्याची फुगी सोडली तरी जेमतेम तीन मिलिमीटर कमी. व्यायाम चुकतो का? नाही. मांडी-नितंबांवरच्या चरबीच्या पेशींवर चरबी सोडायला अडवणारे ग्राही (पेशीवरच्या, निरोप घेणाऱ्या जागा) जास्त असतात, आणि बायकांत हे अधिक. म्हणून ती उशिरा सुटते. पुरुषांत हीच गत कमरेच्या मागच्या बाजूची आणि बेंबीखालच्या पोटाची. क्रम आनुवंशिक, आई-मावशीच्या अंगाकडे पाहिलं तर बराचसा अंदाज येतो. या मांडीवरच्या चरबीचं एक बरं आहे, हृदयाला आणि साखरेला ती पोटातल्या चरबीएवढी बाधत नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घेतली. मांड्या-पोटऱ्या दोन्हीकडे सारख्याच जाड, दाबल्यावर दुखतात, जराशा धक्क्याने निळ्या पडतात, आणि जाडी घोट्यापाशी एकदम थांबून पाऊल बारीक राहतं, असं असेल तर ते लिपिडीमा असू शकतं. ते खाणं कमी करून फारसं उतरत नाही आणि बाई उगाच उपाशी राहते. ताईंना यातलं काही नाही.

बांगडीबद्दल: दोन-सहाची जाऊन दोन-चारची बसेल या आशेने नवीन भरू नका. बांगडी अडते ती अंगठ्याच्या मुळाशी, हाडावर. मनगटात सैल झाली तरी माप तेच लागतं.

२ मार्च

भाऊ ८५.५, ताई ६८.९.

भाऊंच्या डाव्या कुशीला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. मऊ, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी. सर्जनने पाहून चरबीची गाठ सांगितली, काढायची गरज नाही. अशा गाठी वर्षानुवर्षं असतात, वरची चरबी गेली की सापडतात. पण 'चरबीचीच असेल' हे घरी ठरवायचं नाही. कडक, वाढणारी, जागेला चिकटलेली गाठ, किंवा स्तनातली, काखेतली कुठलीही गाठ डॉक्टरांना दाखवायचीच.

छातीचं: कंबर जाते पण छाती राहते ही भाऊंची दुसरी तक्रार. स्तनाग्राखाली चाचपल्यावर रबरी चकती लागली तर ती ग्रंथी, व्यायामाने जात नाही. त्यांची नुसती चरबी आहे. वाट पाहायची.

१६ मार्च

होळी-धुळवडीनंतरचा रविवार. भाऊ ८६.६. पुरणपोळी, पापड, रात्री ढाब्यावर शेवभाजी आणि तिचा कट. कंबर दीड सेंमी वर. त्यांनी सोमवारी उपास धरायचं ठरवलं होतं, करू दिला नाही. गुरुवारी ८५. दोन दिवसांत किलोभर चरबी चढायला ७७०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. तेवढं कोणी खाल्लं नव्हतं. मीठ आणि पिठाबरोबर आलेलं पाणी होतं, गेलं. सणानंतर तीन-चार दिवस काट्यावर चढूच नये.

ताई ६९.४. १६ फेब्रुवारीच्या ७०.३ शी तुलना: ९०० ग्रॅम कमी. हाच खरा आकडा.

भाऊंचं एका पायावर उठणं: डावा ८, उजवा १०.

३० मार्च, पाडवा

भाऊ ८४.६, ताई ६७.९.

ताईंची कंबर ८२.६, पण बेंबीखालचं पोट पुढे येतं, आणि संध्याकाळी जास्त. वरचं उतरल्यामुळे ते आता वेगळं दिसायला लागलं. त्यांनी आपणहून रोज पन्नास क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलणं) सुरू केले होते, दोन आठवडे.

पाठीवर झोपवून गुडघे वाकवले, डोकं जेमतेम उचलायला सांगितलं. पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर-खाली, होडीच्या तळासारखा लांबट उंचवटा उभा राहिला. तिथे बोटं आडवी ठेवली तर दोन्ही बाजूंच्या स्नायूंमध्ये अडीच बोटं जागा. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू बाजूला होतात. कधी कधी ते पुरते जवळ येत नाहीत. दोन बोटांहून जास्त फट असेल तर ती लक्षात घ्यायची. ही चरबी नाही, म्हणून कितीही कमी खाल्लं तरी हा फुगवटा राहतो. क्रंचेसमध्ये आतून दाब येतो आणि उंचवटा आणखी बाहेर ढकलला जातो.

बदल: क्रंचेस, दोन्ही पाय एकत्र उचलणं आणि लांब वेळ प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) बंद. फिजिओथेरपिस्टला दाखवलं (एका वेळचे ४०० रुपये), त्यांनी दिलेलं असं: झोपून श्वास सोडत बेंबी हलकेच आत, मग एक टाच जमिनीवरून सरकवत लांब नेणं, परत आणणं, एकेका बाजूने १०. त्यानंतर गुडघे-हातांवर राहून एक हात समोर आणि उलट बाजूचा पाय मागे लांबवणं. नियम एकच: उंचवटा दिसला की तो व्यायाम आजच्यापुरता जड आहे, मागच्या पायरीवर यायचं. अंथरुणावरून उठताना सरळ न उठता कुशीवर वळून उठायचं. पाण्याची कळशी उचलताना श्वास सोडत उचलायची, कोंडून नाही.

खोकल्यावर फुगणारी, झोपल्यावर आत जाणारी गोळी दिसली तर तो हर्निया असू शकतो. ती सर्जनची बाब, व्यायामाची नव्हे. ताईंना तसं नाही.

१३ एप्रिल

भाऊ ८३.९, ताई ६७.२.

ऊन चढलं. चालणं आता पहाटे साडेपाचला; साडेसातनंतर तलावावर थांबण्यात अर्थ नाही. दिवसभर काउंटरमागे उभं राहून भाऊंचे घोटे संध्याकाळी सुजतात, सकाळी २३.५ असलेलं घोट्याचं माप रात्री २४.६. दोन्ही पायांना सारखं. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैल होऊन पाणी खाली उतरतं; पाय उंच ठेवून झोपलं की सकाळी जातं. मापं सकाळचीच धरायची, याचं आणखी एक कारण.

पण सूज एकाच पोटरीला असेल, दुखत असेल, गरम-लाल असेल, आणि दुसऱ्या पायाशी फरक तीन सेंमीच्या घरात असेल, तर वही मिटून त्याच दिवशी दवाखाना. ती शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. हळूहळू वाढणारी एकाच पायाची सूज असेल तर हत्तीपायाचीही शंका घ्यायला हवी.

उन्हात किलो-दीड किलो वजन दुपारी कमी भरतं, ते घामाचं. त्यावर खूश होऊ नये, पाणी प्यावं. ताक चालेल, मीठ बेताचं.

४ मे

आखाजी (अक्षय तृतीया) बुधवारी झाली. आमरस आणि खापरावरचे मांडे आठवड्यातून एकदाच, असं ठरलं होतं. माहेरी गेल्यावर ताईंचं ते तीनदा झालं. भाऊ ८३.२, ताई ६६.८. मापं आज घेतली नाहीत, १६ मार्चच्या नोंदीत लिहिलं आहे त्याच कारणाने.

११ मे

भाऊ ८२.७ किलो. कंबर ९४.५ (साडेसात सेंमी कमी), नितंब ९९, गळा ३९, दंड ३३ आणि ३२.६, मांडी उजवी ५२.६, डावी ५२.२. मांड्यांमधला फरक १.२ वरून ०.४ वर आला: उजवी चरबीने उतरली, डावी उतरता उतरता स्नायूने भरली. बेंबीची जमिनीपासूनची उंची डिसेंबरात १०२ होती, आता १००.५. बेंबीवर मोजत राहिलो असतो तर दीड सेंमी खालची जागा मोजत बसलो असतो.

ताई ६६.४ किलो. कंबर ८१, नितंब १०४, दंड २९.६, मांडी ५५.२. दंड दोन सेंमी गेला, मांडी सव्वा. पोटातली फट दोन बोटांवर.

पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंमी ही आपल्याकडे धरली जाणारी कमरेची मर्यादा. ताई एक सेंमी वर, भाऊ साडेचार. भाऊंच्या पँटचं माप अजून तेच, याचं त्यांना वाईट वाटतं. पँट पोटाच्या खाली बांधतात. पोट वरून उतरलं, पट्टा ज्या हाडांवर बसतो तिथे उतरण्यासारखं थोडंच होतं. पट्ट्याची दोन भोकं मात्र कमी झाली.

दंडाखाली आणि पोटाला कातडी थोडी सैल आहे. क्रीमवर खर्च करू नये. वेग कमी ठेवणं, स्नायू टिकवणं, आणि वर्षभर वाट पाहणं. उरेल ती उरेल.

खर्च: टेप १८०, वजनकाटा ८५०, स्वयंपाकघरातला काटा ४००, रबरी पट्टे ३५०, फिजिओथेरपिस्ट दोनदा ८००, घामाचा पट्टा ९०० (वाया). पाण्याचे कॅन घरचे. एकूण ३४८०. चरबीची टक्केवारी सांगणारा काटा मुद्दाम घेतला नाही. तो पायांतून वीज सोडून अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, तांब्याभर पाणी प्यायल्यावर किंवा अंघोळीनंतर आकडा हलतो.

शिंप्याकडे ताईंचे ब्लाउज दिले आहेत. बाही आत घ्यायची, कापड कापायचं नाही, शिलाई दीड सेंमी आत ठेवायची. छाती आणि पाठ आताच हलवायची नाही, तिथे अजून उतरणार. भाऊंच्या शर्टांना हात लावलेला नाही.

पुढची मापं ८ जूनला, त्यानंतर दर चार आठवड्यांनी. भाऊंचं डाव्या पायाने सुरू करणं तोवर तसंच. ताईंचं टाच सरकवणंही. फट दीड बोटावर आली की फिजिओथेरपिस्टला विचारून प्लँक, आधी भिंतीला टेकून.